सेकंडहँड पाकीट

२ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि त्यासोबत पाठवलेला माझा कोट, दोन्ही पोचले. खिशाजवळचं भोक नेमकं कुठे होतं ते मला आता बोट लावूनही दाखवता येत नाही. लॅबमध्ये घालून गेलो तर मालकांनी विचारलं, नवा का. मी म्हटलं, आमच्या घराण्यात नवं काही घेत नाहीत.

काम जोरात आहे. एका वकीलबाईंची खालची कवळी तिसऱ्यांदा परत आली. त्यांचं म्हणणं, बोलताना शिट्टी वाजते. डॉक्टर म्हणतात लॅबची चूक, मी म्हणतो बाईंच्या जिभेची सवय. शिट्टी वाजत असतानाही त्या खटले जिंकतायत, तेव्हा मी काही बदलायला गेलो आणि त्या हरल्या तर तेही माझ्याच डोक्यावर बसायचं.

आता मुद्द्याचं. अण्णांचं दुकान विकल्यावर तुझ्या वाट्याचे पैसे मी तुला विचारून क्रिप्टोत, म्हणजे त्या कॉम्प्युटरवरच्या नाण्यांत, घातले होते. ते अजून त्याच ट्रेडिंग अ‍ॅपमध्ये आहेत आणि वाढलेतही चांगले. उद्या तुझी खोली विकत घ्यायची म्हटलं तरी पुरतील एवढे. पण अलीकडे त्या अ‍ॅपचं लक्षण मला ठीक दिसत नाही. बँकेत पैसे काढायला गेलं की ‘तपासणी चालू आहे’ एवढंच येतं. तक्रार केली तर ‘आपलं समाधान हेच आमचं ध्येय’ असं उत्तर येतं, आणि पैसे जिथल्या तिथे. नाणी मात्र अजून दुसरीकडे पाठवता येतात. दुसऱ्या एका कंपनीच्या अ‍ॅपवर मी खातं उघडायला घेतलंय, ते सुरू झालं की तिथे विकून पैसे तुझ्या हातात. पण त्यांच्याकडे कागदपत्रं तपासायला रांग आहे. तोवर नाणी आपल्या स्वतःच्या पाकिटात काढून ठेवायची असं मी ठरवलंय. पाकीट म्हणजे वॉलेट. ते कुठल्या कंपनीच्या ताब्यात नसतं, किल्ली फक्त आपल्याकडे. मध्ये अडवणारं कुणी नाही.

एक गोष्ट कटाक्षाने पाळ. या विषयावर फोनवर किंवा मेसेजमध्ये अवाक्षर काढायचं नाही. आमच्या लॅबमधल्या पॉलिशवाल्याला गेल्या महिन्यात फोनवरूनच कुणीतरी लुबाडलं, बिचारा अजून कुणाशी बोलत नाही. मी माझा फोन बंदच ठेवतो, अ‍ॅप बघण्यापुरता उघडतो. जे काही असेल ते कागदावर. पत्र कुणी चोरत नाही, चोरांना वाचायचा कंटाळा असतो.

डोळ्यांना जप. आहे तेवढा लोभ राहू दे, वाढवलास तरी चालेल.

तुझा
बटू


८ मे

चि. बटूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. त्या वकीलबाईंची शिट्टी अजिबात दुरुस्त करू नकोस. माझ्याकडे एक गृहस्थ दरवर्षी तीच शाल रफू करायला आणतात, तेही म्हणतात की सगळीच नीट केलीत तर ती माझी वाटणार नाही.

परवा मालकीणबाई स्वतः जिना चढून वर आल्या. धाप लागली होती, म्हणून खिडकीपाशी बसवलं. इमारतीतल्या खोल्या एकेक करून विकायच्या असं त्यांनी ठरवलंय. परदेशी असलेल्या मुलांना तिथे पैसे हवेत, इथली कटकट नको. राहत्या भाडेकरूला पहिला हक्क, पण जूनअखेरपर्यंतच. त्यानंतर जो येईल त्याला. त्या चांगल्या आहेत, पण खोटं आश्वासन देत नाहीत, आणि म्हणूनच मला जास्त भीती वाटली.

तू म्हणशील दुसरी खोली बघू. बटू, खोली मिळेल, हा उजेड नाही मिळायचा. उत्तरेची खिडकी, समोर उंच काही नाही, दिवसभर सावली न पडता एकसारखा उजेड. काळ्या कापडावर काळा धागा मला आता फक्त इथेच दिसतो. दिव्याखाली बसले की दोन धागे चार दिसतात. चष्म्याचा नंबर वाढवून आता उपयोग नाही असं डोळ्यांचे डॉक्टर सांगून चुकलेत. ही खोली गेली की माझं काम गेलं, हे मी तुला स्पष्टच लिहिते, म्हणजे तू ते हसण्यावारी नेणार नाहीस.

तुझं ते नाण्यांचं आणि पाकिटाचं मला अर्धंच कळलं. पण किल्ली फक्त आपल्याकडे, हे वाचून मी हातातली सुई खाली ठेवली. घराची किल्ली हरवून शेजाऱ्यांच्या गॅलरीतून आत उडी मारणारा माणूस तूच ना. दोनदा मारलीस, आणि दुसऱ्यांदा किल्ली तुझ्याच दाराला लटकत होती. तेव्हा जे करशील ते सावकाश कर.

फोनवर बोलायचं नाही तर नाही. मला पत्र लिहायला आवडतंच, फक्त उत्तर येईपर्यंत जीव टांगणीला लागतो.

जेवणाची हेळसांड करू नकोस. तुझ्यावरचा लोभ इथे शाबूत आहे, तुझाही तसाच असावा.

तुझी
ताई


१७ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

खोलीचं वाचलं. हसण्यावारी नेलेलं नाही. जून संपायच्या आत पैसे मालकीणबाईंच्या हातात पडतील, हा माझा शब्द.

पाकीट मिळालं. पेनड्राइव्हएवढं यंत्र आहे, त्याला नखाएवढा पडदा आणि दोन बटणं. कंपनीकडून नवं सीलबंद मागवता आलं असतं, पण अण्णांचा मुलगा सीलबंद खोकं कसं घेईल. आपल्या घरातला पंखा, तुझं शिलाई मशीन, रेडिओ, माझी सायकल, सगळं कुणीतरी वापरून, बिघडवून, दुरुस्त करून मगच आपल्याकडे आलेलं. दगा दिला तो फक्त त्या एका कोऱ्या इस्त्रीने. म्हणून मी जुन्या वस्तूंच्या जाहिराती चाळल्या आणि मला हवं ते चौथ्या दिवशी सापडलं.

विकणारे गृहस्थ इस्पितळाच्या गारठलेल्या एसी कँटीनमध्ये भेटले. पन्नाशीचे असतील. करडा स्वेटर, नखं इतकी नेटकी कापलेली की मला वाटलं आमच्याच धंद्यातले. आवाज एवढा मऊ की ऐकायला मी दोनदा पुढे झुकलो. मी मनातल्या मनात त्यांचं नाव मऊसाहेब ठेवलंय. मुलासाठी घेतलं होतं म्हणाले, मुलगा दूर गेला, वस्तू पडून राहिली. भाव मी केला त्याहून त्यांनीच कमी केला.

आणि सगळं तयार करून दिलंय. यंत्र पहिल्यांदा चालू केलं की ते म्हणे चोवीस शब्द दाखवतं, ते आपण उतरवून घ्यायचे. यंत्र हरवलं, फुटलं, तरी तेच शब्द त्याच क्रमाने दुसऱ्या कुठल्याही यंत्रात घातले की पैसे जसेच्या तसे समोर येतात. नवशिके लोक नेमके तिथेच चुकतात, एखादा शब्द गाळतात आणि जन्माचे बसतात. मऊसाहेबांनी ते किचकट काम आधीच उरकून ठेवलंय. खोक्यात जाड कार्ड आहे, त्यावर चोवीसच्या चोवीस शब्द, छापल्यासारख्या अक्षरात. पिन मात्र मी तिथल्या तिथे बदलला. मी बटणं दाबत असताना ते तोंड फिरवून भिंतीकडे बघत बसले. इतका सभ्य माणूस हल्ली बघायला मिळत नाही.

कार्ड लॅबमधल्या माझ्या कपाटात, दातांच्या जुन्या साच्यांमागे ठेवलंय. दुसऱ्याच्या दातांना कोण हात लावतो.

चाचणी म्हणून थोडीशी नाणी अ‍ॅपमधून पाकिटात पाठवली. पाठवताना पत्ता तीनदा ताडून पाहिला, खोटं कशाला बोलू. पत्त्याचं एक अक्षर चुकलं तर परत मागायला कुणी नसतं. पण पोचली व्यवस्थित. रोज उघडून बघतो, जागच्या जागी आहेत. आता काही दिवस निरखतो आणि मग बाकीची हलवतो.

तू निर्धास्तपणे सुई चालव. माझी आठवण ठेव आणि लोभाचं माप ओतत राहा.

तुझा
बटू


२३ मे

चि. बटूस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राने हायसं वाटलं. मालकीणबाईंना मी सांगून टाकलं की घेणार. त्यांनी माझा हात हातात घेतला. मग लगेच विचारलं की कधी, आणि मी जून म्हटल्यावर सोडला.

पण एक गोष्ट मनात राहिलीय. तुला हसू येईल, तरी लिहिते. ते चोवीस शब्द म्हणजेच किल्ली, बरोबर ना. आणि ते लिहिले मऊसाहेबांनी. मग ते त्यांनाही ठाऊक असणार. पाठ नसतील, पण दुसऱ्या एखाद्या कागदावर नसतील कशावरून. तू पिन बदललास म्हणतोस. पण तूच लिहिलंयस की शब्द असले तर यंत्रसुद्धा लागत नाही. मग पिन कशाला विचारात घ्यायचा.

मला यातलं काही कळत नाही हे मान्य. पण अण्णांचं एक तू विसरलास. तेही जुनीच कपाटं आणि जुन्याच ट्रंका घ्यायचे, पण दुकानात मांडण्याआधी कुलूप काढून दुसरं बसवायचे. चांगलं चालतं कुलूप का काढताय, असं मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, चालतं हे मला माहीत आहे, कुणाकुणाकडे चालतं ते माहीत नाही.

तेव्हा त्या यंत्राला नवे शब्द देता येत असतील तर तेवढं कर आणि मगच बाकीचं हलव. आणि त्या गृहस्थांशी गप्पा कमी मार. मऊ आवाजाशी माझं वैर नाही, पण पुढे झुकून ऐकावं लागलं की माणूस खिशाकडे बघत नाही.

इथे वरच्या मजल्यावरची खोली विकली गेली. घेणाऱ्यांनी आल्या आल्या भिंत पाडायला काढली आहे, माझ्या टेबलावर दिवसभर धूळ. धुळीत रफू करणं म्हणजे वाऱ्यात दिवा लावणं. तरी सहन करते, कारण आता काही दिवसांचा प्रश्न.

उत्तर लवकर दे. प्रेम असू देच, पण या खेपेला ते टपालाच्या पेटीत वेळेवर टाक.

तुझी
ताई


२ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी शंका मी जशीच्या तशी मऊसाहेबांपुढे ठेवली. वाटलं होतं चिडतील. चिडले नाहीत, उलट म्हणाले की ताई हुशार आहेत, असं माणूस घरात असावं. त्यांच्याकडे शब्दांची दुसरी प्रत होती, ती वस्तू विकली त्याच दिवशी फाडून टाकली असं त्यांनी आपणहून सांगितलं. यंत्र पुसून नवे शब्द घेता येतात, हेही त्यांनी लपवलं नाही. फक्त म्हणाले की ह्या जुन्या यंत्रांपैकी काही पुसताना अडकतात, मग उघडत नाहीत, आणि आत पैसे असले तर तेही गेले. तुम्हाला करायचं तर करा, मी नको म्हणणार नाही, तुमच्या बहिणीच्या घराचा प्रश्न आहे. ताई, एवढं मोकळेपणाने सांगणारा माणूस लुबाडेल का. आणि लुबाडायचंच असतं तर चाचणीची नाणी आतापर्यंत राहिली असती का. ती अजून तशीच आहेत, मी रोज बघतो.

अण्णांच्या कुलपांचं म्हणशील, तर ती कुलपं गंजलेली असायची. हे यंत्र गंजलेलं नाही.

शिवाय आता वेळ नाही. अ‍ॅपने काल सूचना लावली की देखभालीसाठी सोमवारपासून नाणी पाठवणंही बंद. कधीपर्यंत ते लिहिलेलं नाही. म्हणजे तिथे ठेवली तर अडकली, आणि यंत्र पुसायला गेलो आणि ते बिघडलं तर ठेवायला जागाच नाही. रविवारी लॅबला सुट्टी आहे, तेव्हा सगळी एकदम हलवतो. हे पत्र तुला मिळेल तेव्हा काम झालेलं असेल.

मऊसाहेबांचा फोन मात्र रोज असतो. मी अ‍ॅप बघायला फोन उघडतो ती वेळ त्यांना ठाऊक झालीय. आधी तब्येत विचारतात, मग पाकीट नीट चालतंय ना ते. परवा तुझ्या खोलीबद्दल बराच वेळ बोललो. मालकीणबाई किती म्हणतात, कुठल्या मजल्यावर, कागद कधी होणार, सगळं आपुलकीने विचारत होते. माझ्या लक्षात आलं की माझ्याशी इतका वेळ बोलणारं इथे दुसरं कुणी नाही. साच्यांशी किती बोलणार, त्यांना नुसते दात, जीभ नाही.

रागावू नकोस. रागातही लोभ धरून ठेवायची तुला सवय आहे, ती मोडू नकोस.

तुझा
बटू


९ जून

चि. बटूस,
आशीर्वाद.

तुझं पत्र काल दुपारी मिळालं. इकडचं तिकडचं काही लिहीत नाही. यापुढचं उभ्या उभ्या वाच आणि लगेच कामाला लाग.

माझ्याकडे एक संगणकवाल्या बाई येतात, ओव्हरकोट घेऊन. काल त्या आल्या होत्या. नाव, गाव न सांगता मी त्यांना विचारलं की असं असं वापरलेलं पाकीट घेतलं तर चालतं का. त्या आधी सहज बोलत होत्या. शब्द आधीच लिहून दिले होते म्हटल्यावर त्यांनी हातातला कोट खाली ठेवला. मग विचारलं, रक्कम तुमच्या दृष्टीने मोठी आहे का. मी हो म्हणाले. तेव्हा त्यांनी माझ्याच खोलीत मलाच खुर्ची पुढे केली.

त्या म्हणाल्या ते लिहिते. हा फसवणुकीचा नेहमीचा प्रकार आहे. पिन म्हणजे नुसती त्या यंत्राची कडी. पैसे त्या शब्दांचे असतात, यंत्राचे नव्हे. ज्याने शब्द लिहिले तो जगात कुठूनही, तुझ्या यंत्राला हात न लावता, ते उचलू शकतो. आणि चाचणीची नाणी जागेवर आहेत याचा अर्थ तो प्रामाणिक आहे असा नाही. तो थांबलाय, एवढाच आहे.

तुला लगेच फोन केला. बंद. पुन्हा पुन्हा केला. मग लॅबमध्ये केला. तुझे मालक म्हणाले की तू डॉक्टरांकडे कवळ्या पोचवायला गेलायस, आल्यावर निरोप देतो. मी एवढंच म्हटलं की बहिणीला ताबडतोब फोन करायला सांगा. दिवस मावळेपर्यंत फोनजवळून हलले नाही.

अजून हलवली नसशील तर हलवू नकोस. अ‍ॅपमध्ये अडकली तर अडकू देत, अडकलेलं सुटू शकतं. हलवली असशील तर आजच्या आज सीलबंद, कोरं यंत्र विकत घे. महाग पडलं तरी घे. एकट्याने बसून त्याचे शब्द स्वतःच्या हाताने उतरव आणि सगळं त्यात पाठव. बाई म्हणाल्या की तेही मिळत नसेल तर फोनमध्येच नवं पाकीट उघडा, ते दुसरं बरं, पण इथे एक क्षणही ठेवू नका. त्या माणसाला काही कळू देऊ नकोस. त्याचा फोन आला तर नेहमीसारखं बोल. नेहमीसारखं बोलता येणार नसेल तर उचलू नकोस.

फोन कर. तुझा नियम आज मोड, मी सांगते म्हणून.

तुझी
ताई


९ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

झालं. रविवारी सकाळी सगळी नाणी अ‍ॅपमधून निघाली आणि मी दाढी करून येईपर्यंत पाकिटात पोचली. पडद्यावर तो आकडा बघितला आणि मला अण्णांची आठवण झाली. दुकान विकायच्या दिवशी ते शटरला टेकून कितीतरी वेळ उभे होते. आज त्या शटरचे पैसे माझ्या मुठीत मावतात. आणि दुसऱ्या दिवशी अ‍ॅप खरोखरच बंद झालं, म्हणजे मी वेळेत निसटलो.

तुझा निरोप लॅबमध्ये मिळाला. मालक म्हणाले, आवाज घाबरल्यासारखा होता. ताई, तुझं आपलं नेहमीचं. उत्तर यायला उशीर झाला की तुझा धीर सुटतो. फोन करायचा मोह झाला होता, पण नियम तो नियम. आता शेवटच्या टप्प्यावर येऊन मी तो मोडणार नाही. हे पत्र आज टाकतो, म्हणजे तुझी काळजी मिटेल.

मऊसाहेबांना सांगितलं. त्यांना मनापासून आनंद झाला. सगळीच्या सगळी आली ना, अ‍ॅपमध्ये काही मागे राहिलं नाही ना, असं त्यांनी दोनदा विचारलं. मी म्हटलं, दमडी ठेवली नाही. मग म्हणाले की आता एकदोन दिवस यंत्र उघडू नका, नोंदी स्थिर होऊ द्यात, आणि शांत झोपा. पुष्कळ दिवसांनी मी खरंच शांत झोपलो.

दुसऱ्या अ‍ॅपचं खातं या आठवड्यात सुरू होईल. विकलं की पैसे घेऊन स्वतःच येतो. तुझ्या खिडकीत बसून चहा पिऊ आणि वर भिंत पाडणाऱ्यांना खालून नावं ठेवू.

भेटीपर्यंत लोभाची बाकी तुझ्याकडे.

तुझा
बटू


१३ जून

ती. ताईस,
नमस्कार.

तुझं पत्र काल आलं. त्याआधी परवाच सगळं गेलं होतं.

त्यांनी उघडू नका म्हटलं होतं म्हणून मी दोन दिवस उघडलं नाही. परवा जेवणाच्या सुट्टीत उघडलं. यंत्र चालू झालं, पिन घेतला, पडदा उजळला. आकडा शून्य. चाचणीची नाणीसुद्धा ठेवलेली नाहीत. वाटलं, यंत्र बिघडलं. मग नोंद बघितली. नाणी पाठवल्याची नोंद होती, जणू मीच पाठवली. नंतर कुठे गेली तेही दिसतं. तो पत्ता दिसतो, त्यावर आपले पैसे दिसतात, कुणालाही दिसतील. फक्त हात लावता येत नाही. मी पुष्कळ वेळ ते नुसतं बघत राहिलो. शेवटी पॉलिशवाल्याने येऊन माझ्या हातातून यंत्र काढून घेतलं. त्याला सगळं कळलं होतं.

मी मऊसाहेबांना फोन केला. वाटलं होतं नंबर बंद असेल. त्यांनी पहिल्याच घंटीला उचलला. आधी तब्येत विचारली. मी काय बोललो ते आठवत नाही, ओरडलो असेन. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्याच आवाजात म्हणाले, “असं होतं कधीकधी. ताईंना सांगू नका, त्यांना धक्का बसेल.” आणि ठेवला. त्यानंतर तो नंबर लागत नाही.

पोलिसांकडे जाऊन आलो. तिथल्या साहेबांनी विचारलं, तुम्ही तुमचे शब्द कुणाला दिले होते. मी म्हटलं, मी दिले नाहीत, त्यांनीच मला दिले. त्यांनी लिहिता लिहिता पेन थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं. तक्रार घेतलीय. माणसाचं नाव विचारलं तर मला सांगता येईना. इतके दिवस बोललो, मी त्यांना मऊसाहेबच म्हणत राहिलो आणि खरं नाव विचारायचं राहिलं. इस्पितळाच्या कँटीनमध्ये जाऊन विचारलं. असे स्वेटरवाले रोज शंभर येतात म्हणाले.

तुझ्या खोलीचं आता काय होणार ते लिहायला माझा हात चालत नाही. मालकीणबाईंना काय सांगशील. मला तोंड दाखवायला जागा नाही. मऊसाहेबांना मी काय काय सांगून बसलोय ते आठवत बसतो. आठवलेलं संपत नाही.

लोभ मागण्याचा मला हक्क उरलेला नाही.

बटू


४ जुलै

चि. बटूस,
अनेक आशीर्वाद.

या आधीच्या माझ्या दोन पत्रांना तुझं उत्तर नाही. फोन लागत नाही. तुझ्या मालकांना विचारलं, ते म्हणाले कामावर येतो, मान खाली घालून दात घडवतो, मान खाली घालून जातो. निदान कामावर जातोस, तेवढ्यावर मी दिवस काढतेय. तू लबाडी केली नाहीस. तू विश्वास ठेवलास, तोही माझ्यासाठी घाई होती म्हणून. पुन्हा कधी हक्काबिक्काचं लिहिलंस तर मी पत्र न वाचता परत पाठवीन.

आता नीट वाच. तुझ्याशी फोनवर बोलायचं नाही म्हणून नव्हे, हे मला कागदावरच हवं आहे.

मुदत संपल्यावर मालकीणबाईंनी आणखी दोन दिवस थांबून पाहिलं. मग काल एका गृहस्थांना खोली दाखवायला घेऊन आल्या. रोख देणार, घासाघीस नाही, विसार देऊनही झालेला. मालकीणबाई फार खूश होत्या. गृहस्थ पन्नाशीचे. हवा गरम असल्यामुळे स्वेटर नव्हता. नखं नीटनेटकी होती, पण नीटनेटक्या नखांची माणसं जगात पुष्कळ आहेत. आवाज बारीक होता, आणि मी पुढे झुकले नाही.

त्यांनी भिंती पाहिल्या नाहीत, नळ उघडून पाहिला नाही. सरळ खिडकीपाशी गेले आणि उजेडात हात धरून तळवा उलटासुलटा करून बघितला. मग म्हणाले की ताईंनी हवं तर इथेच राहावं, भाडं ठरवता येईल, काम बंद पडायला नको. मालकीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. असा खरेदीदार मिळायला भाग्य लागतं म्हणाल्या.

मी चहा ठेवायला उठले. साखरेचा डबा काढला, तेव्हा ते मागून म्हणाले, “मला साखर नको. तुमच्यासारखाच करा, ताई.”

बटू, डॉक्टरांनी माझी साखर बंद केलीय हे मी फक्त तुला सांगितलंय, गेल्या खेपेला तू इथे होतास तेव्हा. मालकीणबाईंनाही नाही. उगीच चौकशा नकोत म्हणून त्यांच्यासमोर मी अजून साखर घालूनच पिते. कालही तशीच प्यायले. त्यांनी माझ्या कपात पडलेली साखर पाहिली आणि त्यांना कळलं की मला कळलंय. ते हसले नाहीत. कप विसळून ठेवला, बशीसकट, आणि येतो म्हणाले.

पोलिसांकडे जाऊन मी काय सांगू, की एका माणसाने बिनसाखरेचा चहा मागितला. त्यांना बघितलेला, त्यांच्याशी बोललेला असा एकच माणूस माझ्याकडे आहे, आणि तो तोंड दाखवायला जागा नाही म्हणून दडून बसलाय.

माझं उत्तर घ्यायला ते येत्या नव्हे, पुढच्या सोमवारी अकरा वाजता पुन्हा येणार आहेत. तू आदल्या दिवशी, रविवारीच ये. तक्रारीची प्रत बरोबर आण. तू कपडे बदलायच्या पडद्यामागे बसायचं आणि फक्त ऐकायचं. आवाज त्यांचा नसला तर मी माझा वेडेपणा कबूल करीन आणि भाडं ठरवीन. त्यांचाच असला तर बाहेर ये आणि माझ्या शेजारी उभा राहा. पुढचं मला अजून सुचलेलं नाही. खाली पोलिसांना उभं करता येईल का ते संगणकवाल्या बाई विचारून बघतायत, पण त्यांनी वचन दिलेलं नाही. नाहीच आले तर आपण दोघं आणि ते.

येतोयस हे कुणालाही सांगू नकोस. कुणी मायेने विचारलं तर मुळीच नको.

लोभ होता तेवढाच आहे, त्यात काही कमी झालेलं नाही. सध्या त्याच्याशेजारी भीती बसलीय, एवढंच. तू आलास की मला उठून दाराला कडी घालता येईल.

तुझी
ताई